उताराची तिवई

मी तिवई बोलतेय. आवाज जरा खालून येतोय, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. माझं सगळं आयुष्यच लोकांच्या खाली गेलं. उंची म्हणाल तर गुडघ्याच्याही खाली. पाय तीन, पाठ नाही, हात नाहीत. खुर्चीशी माझं लांबचं नातं आहे, पण ती ते मान्य करत नाही.

मी राहते ती एक शेतवस्ती. पाच-सात कुटुंबं इथे एकत्र शेती करतात, एका स्वयंपाकघरात जेवतात आणि एकाच गोठ्यातलं दूध पितात. भांडणंही एकत्रच करतात, जेवणं झाल्यावर. त्याला ते बैठक म्हणतात. मी गोठ्यात कामाला आहे. धार काढणाऱ्या माणसाला टेकायला जागा द्यायची, एवढंच माझं काम. कोणी त्याबद्दल माझा सत्कार केलेला नाही, आणि एकदा करायला गेले तेव्हा काय झालं तेच सांगायला मी आज तोंड उघडलंय.

माझा जन्म वादळात पडलेल्या एका झाडाच्या बुंध्यातून झाला. वस्तीतला सुतार तेव्हा नुकता लग्न झालेला, मिशीला पीळ देणारा गडी होता. आज सगळे त्याला सुतारकाका म्हणतात. मी मात्र त्याला अहो-जाहो करत नाही. घरच्या माणसाला कोण करतं? नव्या बायकोच्या वाट्याला गोठ्याचं काम आलं होतं आणि ती बिचारी उपड्या बादलीवर बसून धार काढायची. कोणी बायकोला दागिना करतं, याने तिवई केली. तीन पाय अगदी सारखे, वर पाणसळ ठेवून तपासलेले. आतला बुडबुडा अगदी मधोमध थांबला. मग मला खांद्यावर घेऊन हा मिरवत गोठ्यात आला.

ती बसली आणि हळूहळू डावीकडे घसरू लागली.

गोठ्याची फरशी नालीकडे उतरती असते, नाहीतर पाणी आणि मूत जाणार कुठे? सुताराने डोकं खाजवलं, पुन्हा पाणसळ लावली आणि फरशी चुकली आहे असा निकाल दिला.

"अहो, फरशी बरोबर आहे," ती म्हणाली. "गाईंना विचारा हवं तर. तुम्ही पाय बदला."

त्याने मुकाट्याने माझा एक पाय काढला आणि दोन बोटं लांब असा नवा पाय बसवला. तो पाय नालीच्या बाजूला ठेवला की मी अगदी समपातळीत. बाकी कुठेही ठेवा, मी कललेली. डुगडुगत मात्र नाही हं, डुगडुगायला चार पाय लागतात. तेव्हापासून मी जगात एकाच जागी सरळ आहे, आणि मला दुसरीकडे जायचंही नव्हतं.

वर्षं गेली. गाई बदलल्या, छपराचे पत्रे बदलले, ती नवी नवरी सगळ्या वस्तीची मावशी झाली. रोज दोन वेळा ती मला भिंतीवरच्या खुंटीवरून काढायची, न बघता लांब पाय नालीकडे करायची आणि न बघता बसायची. नवऱ्याशी वाजलं असलं की धप्पकन बसायची. मुलगा तापाने फणफणला होता तेव्हा नुसती कडेला टेकायची, कधीही उठून पळता यावं म्हणून. जे कोणाला सांगायचं नाही ते ती गाईला सांगायची, आणि ऐकायचे मी. माणूस काय बोलतो ते तुम्ही ऐकत असाल. तो बसतो कसा, ते मला विचारा.

मग धार काढायचं मशीन आलं. गाईंनी फारशी कुरकुर केली नाही, एक सोडून. तिला सगळे हट्टी म्हणतात. मशीन जवळ आलं की हट्टी पाय झाडायची, दूध वर चढवायची, आणि मावशीचा हात लागला की मुकाट्याने पान्हा सोडायची. मावशीनेच तिला पढवून ठेवलं असावं असा माझा संशय आहे, पण दोघीही कबूल करणार नाहीत. तर अशी एका गाईपुरती मावशीची गोठ्यातली जागा शिल्लक राहिली. मावशीचे गुडघे कुरकुरत होते, कंबर धरत होती. सून अधूनमधून म्हणायची, आई, आता पुरे. त्यावर मावशीचं उत्तर ठरलेलं होतं, "ज्या दिवशी बसता येणार नाही ना, त्या दिवसापासून मी आपणहून येणार नाही. तोवर मला कोणी काही सांगायचं नाही."

सून म्हणजे पायाला भिंगरी लावलेली पोरगी, मनाने चांगली. मेळा सुरू केला तो तिनेच. शहरातल्या लोकांना हाताने केलेल्या वस्तू आवडतात हे तिच्या लक्षात आलं, आणि आमच्याकडे तर हाताने केलेल्या वस्तूंचा ढीग होता, कारण यंत्रं घ्यायला आम्हाला फार उशीर झाला होता. पीक घरात आलं की दोन दिवस वस्तीचं फाटक उघडायचं, आणि ज्याने त्याने आपापलं काम लोकांसमोर करायचं, असं ठरलं.

पहिल्या वर्षी लोक आले, हिंडले, आणि जाताना कोणीतरी म्हणालं की छान आहे, पण जुनं वाटत नाही. तेव्हापासून मेळा जवळ आला की वस्ती जुनी व्हायला लागते. प्लॅस्टिकच्या बादल्या गवताच्या गंजीमागे जातात. ट्रॅक्टर ओढ्यापलीकडे नेऊन लपवतात. धार काढायच्या मशीनवर गोणपाट टाकून वर दोन भोपळे ठेवतात. लोहार वर्षभर वेल्डिंग करतो, पण ते दोन दिवस भट्टी पेटवून खिळे ठोकतो. लोक ते आठवण म्हणून घेऊन जातात, आणि ऐकते ते खरं असेल तर दुकानातल्या खिळ्याला टांगून ठेवतात. कुंभारीण मातीच्या भांड्यातलं पाणी कसं गोड लागतं ते सांगून सांगून घसा कोरडा करून घेते, आणि मग पडद्यामागे जाऊन फ्रिजमधली बाटली तोंडाला लावते. पाहुणे गोठ्याच्या दाराशी येतात, नाकाला रुमाल लावतात आणि म्हणतात, हवा किती शुद्ध आहे इथली.

मेळ्याचा राजा सुतारकाका. एक तिवई करायला दिवस जातो आणि बघणाऱ्यांचा धीर चहाच्या एका कपाएवढा, म्हणून काकाने दाखवायला एक वेगळाच पाय ठेवला होता. दरवर्षी तोच पाय तासायचा, पण हलक्या हाताने, संपू नये म्हणून. मागे तयार तिवया रचलेल्या, एकजात सरळ. कोणी कौतुक केलं की काका रंधा थांबवून म्हणायचा, "या हातातून वाकडं काही गेलेलं नाही." हे वाक्य त्याला इतकं आवडायला लागलं होतं की कोणी कौतुक नाही केलं तरी म्हणायचा.

मग एका वर्षी सुनेच्या डोक्यात आलं की काकांची पहिली तिवई सकाळी मांडावी, आणि संध्याकाळी तिच्यावरच बसून मावशींनी लोकांसमोर हट्टीची धार काढावी. मावशी म्हणाली, न्यायची तर ने, पण धारेच्या वेळी मला ती जागेवर हवी. मला धुतलं, पुसलं, तेल लावलं. आयुष्यात पहिल्यांदा मी शेणाच्या वासाशिवाय लोकांत गेले. फळ्यांचा मंच होता, वर पांढरं कापड. मला त्यावर ठेवलं आणि मी अर्थातच कलले.

गर्दीत एक बाई होत्या, शहरात फर्निचरचं शोरूम असलेल्या. त्यांनी कुंभारणीकडून मातीच्या मण्यांची माळ घेतली होती आणि एक सुटा मणी हातात खेळवत होत्या. तो त्यांनी सहज माझ्या बसायच्या फळीवर ठेवला. मणी गडगडत गेला आणि खाली पडला. त्यांनी उचलून पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. लोक जमले.

"काका, ही वाकडी आहे," बाई म्हणाल्या. मग काकाचा चेहरा बघून त्यांना दया आली. "पहिली आहे ना. शिकत असाल तेव्हा."

काका लाल झाला. मला वाटलं, आता सांगेल, की बाई, हिला उतारावर ठेवा आणि मग मणी टाका. पण तो विसरला होता. खरंच विसरला होता. तो स्वतः कधी धार काढायला बसलाच नव्हता, त्याने एकदा पाय बदलून दिला होता आणि त्या गोष्टीवर किती पावसाळे गेले. मधल्या काळात त्याने स्वतःचं कौतुक इतकं ऐकलं होतं की जुनी अक्कल कुठेतरी तळाशी जाऊन बसली होती.

"आत्ता सरळ करतो, बघा," तो म्हणाला.

मला उलटं केलं. लांब पायावर पेन्सिलीची खूण केली आणि करवत लावली. त्या दिवशीचं मेळ्यातलं खरं सुतारकाम म्हणाल तर एवढंच, आणि गर्दीही सर्वांत मोठी त्यालाच. दोन बोटांचा तुकडा खाली पडला. बाईंनी तो आठवण म्हणून मागून घेतला आणि पर्समध्ये टाकला. काकाने पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध आला, टाळ्या पडल्या. कापलेली जागा नवी दिसू नये म्हणून त्याने तिथे थोडी माती चोळली. मणी ठेवला, तो हलला नाही. लाकडाला दुखतं का ते मी सांगत बसत नाही. पण मला भीती वाटली, कारण संध्याकाळी मला कुठे जायचं होतं ते मला माहीत होतं.

संध्याकाळी गोठ्याच्या दाराशी लोक दाटले. मावशीने मला घेतलं, न बघता डावा पाय नालीकडे केला आणि न बघता बसली. कपाळ हट्टीच्या पोटाला टेकवलं, बादली गुडघ्यांत धरली, दोन धारा काढल्या. मला तिचं वजन डावीकडे सरकताना कळत होतं. तिने पाय रोवले, हट्टीच्या मांडीला धरू पाहिलं, आणि मग ती, बादली आणि मी, तिघीही नालीत. हट्टीने मान वळवून बघितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रमातच आहे. एकाने तर पुढचा खेळ किती वाजता म्हणून विचारलं.

मावशी लोकांकडे बघून हसली, पण उठताना तिने मला दोन्ही हातांनी धरलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. इतक्या वर्षांत तिने माझ्यावर कधी संशय घेतला नव्हता, तो आत्ताही घेतला नाही. सांडलेलं दूध फरशीवरून उताराने वाहत नालीत गेलं. काका मागे उभा होता. त्याने ते दूध वाहताना पाहिलं, मग मला पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. पुढे होऊन त्याने मला काखेत मारलं आणि कोणाच्या नजरेला पडायच्या आत बाहेर नेलं.

त्या रात्री बैठक जेवणाआधीच झाली, स्वयंपाकघरात. काका मला बाहेर ठेवायला विसरला होता की मला लपवायचं होतं कोण जाणे, पण तो सरळ माझ्यावर बसला. मला घडवणारा माणूस पहिल्यांदा माझ्यावर बसत होता, आणि सपाट जमिनीवर मी अगदी सरळ होते. वस्तीतले थोरले, तात्या, त्यांनी विचारलं की मावशी, नक्की झालं काय.

"गरगरल्यासारखं झालं," मावशी म्हणाली. "जमीनच कलली. मी म्हटलं होतं ना, बसता येणार नाही त्या दिवशी येणार नाही. तर झालं आता. उद्यापासून नाही येत मी."

वर्षभर हेच मागणारी सून डोळे पुसायला लागली. मग तात्यांनी ठरवून टाकलं की उद्याची धार सुनेने काढून दाखवावी, मावशींनी चहाच्या टेबलाशी बसावं, आणि हट्टीला मेळा संपला की मशीनची सवय लावावी. नाहीच लागली तर कोणाला तरी देऊन टाकावी. काकाने एवढंसुद्धा म्हटलं नाही की थांबा. त्याच्या मांड्या दगड झाल्या होत्या. मी खालून मनात घोकत होते, बोल, अरे बोल की. पण सकाळीच सगळ्या गर्दीसमोर ज्याच्या हातातून वाकडं काही गेलं नव्हतं, त्याने तोंड उघडायचं कसं?

मावशी ताटावरून तशीच उठली. काकाने विचारलं, जेवली का नाहीस?

"भूक नाही," ती म्हणाली. "तुमचं सगळं सरळ असतं. माझंच काहीतरी कलंडलंय."

मला त्याचा राग आला होता. अजूनही आठवलं की येतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गोठ्याच्या दाराशी गर्दी. मावशी समोर चहाच्या टेबलाशी हात मांडीवर ठेवून बसली होती. त्या हातांचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं. सुनेने सासऱ्याच्या दुकानातली एक नवी, सरळ तिवई उचलली, पदर खोचला आणि हट्टीजवळ गेली. मी काकाच्या पायाशी होते. त्याने मला कालपासून जवळून सोडलं नव्हतं. सून तिवई टेकवून बसणार तेवढ्यात तो म्हणाला, "थांब. बसू नकोस तिच्यावर."

सगळे वळून बघायला लागले.

"तिथे उतार आहे," काका म्हणाला. "ही सरळ तिवई तिथे पाडते. तुझ्या सासूच्या तिवईचा पाय मी मुद्दाम लांब ठेवला होता. काल लोकांसमोर ती वाकडी ठरली म्हणून मीच कापला."

मावशी चहाच्या टेबलामागून उठली आणि सावकाश आत आली.

"म्हणजे मला चक्कर आली नव्हती."

"नाही."

"वय झालं नव्हतं."

"वय झालंय. पण पडलीस ती माझ्यामुळे."

"मग काल मी उपाशी कशाला झोपले?" ती म्हणाली. हसावं की नाही ते पाहुण्यांना कळेना. "आता उभे काय राहिलात? पाय जोडा तिचा. गाय खोळंबलीय."

कापलेला तुकडा शहरात गेला होता. काकाने इकडेतिकडे बघितलं, आणि मग वर्षानुवर्षं नुसता दाखवायला तासलेला तो पाय उचलला. जाडी बरोबर माझ्या पायाएवढीच झाली होती. त्यातला तुकडा कापला, दोन्हींत भोक पाडलं, खुंटी ठोकून जोड घट्ट बसवला. या वेळी त्याने पाणसळ काढली नाही. मला फरशीवर ठेवलं आणि मावशीला म्हणाला, "डोळे मिटून बस आणि सांग." ती बसली. म्हणाली, अजून जास्त आहे. त्याने कानस फिरवली. पुन्हा बसली, पुन्हा थोडं घासलं. तिसऱ्यांदा बसली आणि काहीच बोलली नाही, नुसती बादली पुढे ओढली. लोकांच्या मते मेळ्यातला सगळ्यात छान कार्यक्रम हाच होता, आणि दरवर्षी असतो का, असं ते सुनेला विचारत होते.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण ही गोष्ट शहरात पोचली. शोरूमवाल्या बाईंनी तर काकाला म्हणे लांब पायाच्याच तिवया करून मागितल्या. पुढच्या मेळ्यात काकाच्या मागे रचलेल्या सगळ्या तिवया एकाच बाजूला मान टाकून उभ्या होत्या. काका प्रत्येकाला समजावत होता की ही उतरत्या फरशीसाठी आहे, घरात सपाट जमिनीवर ही कलणार. लोक मान डोलवायचे आणि घरी सपाट जमिनीवर नेऊन ठेवायचे. आता माझ्या कितीतरी बहिणी दिवाणखान्यांत कललेल्या उभ्या आहेत. वर फुलदाणी ठेवलीय, ती घसरू नये म्हणून आखूड पायांखाली पुठ्ठा. कोणी विचारलं तर सांगतात, पूर्वी असंच करायचे. काकाने समजावणं सोडून दिलं आहे. वाकडं काही गेलं नाही, हे वाक्यही त्याने सोडलं आहे. आता त्याच्या हातातून बहुतेक वाकडंच जातं.

माझं विचाराल तर मी पुन्हा माझ्या खुंटीवर आहे. एक पाय टोकाला पांढरा, मोजा घातल्यासारखा. सकाळची धार आता सून काढते. हट्टीने तिला हळूहळू चालवून घेतलंय. संध्याकाळची मावशीचीच. बैठकीत त्यावर पुन्हा चर्चा झालेली नाही. मशीनवरचे भोपळे मेळा संपल्यावर उतरवतात आणि खातात.

फक्त एक गोष्ट बदलली. पूर्वी ती न बघता बसायची. आता बसण्याआधी एकदा डाव्या पायाकडे बघते. काका दाराशी असला की त्याला ते दिसतं, आणि तो मान खाली घालून काहीतरी शोधायला लागतो.

म्हणून सांगते, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू वाकडी वाटली तर लगेच करवत काढू नका. ती आधी कुठे होती आणि तिच्यावर कोण बसत होतं, एवढं विचारा. आणि शहरात कोणाच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला दोन बोटांचा लाकडाचा तुकडा दिसला, तर तो माझा आहे. परत पाठवू नका, आता लागत नाही. नुसतं सांगा त्याला, की मी बरी आहे.

हट्टी हंबरतेय. बादलीचा आवाज आला, म्हणजे मावशी निघाली. आता ती मला काढील, पाय नालीकडे करील, एकदा बघील, आणि मग बसेल.